सात नंबरची डबी

३ जानेवारी २०१८, बुधवार. अकोला

किशोरसरांनी आज ऑफिसात पेढे वाटले. अकोटच्या जिनिंग कारखान्याचं काम पुढच्या हंगामासाठीही आपल्याकडेच राहिलं म्हणून. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाले, "अरीबानं मालकांना असं काही समजावलं की त्यांना नाही म्हणताच आलं नाही." पेढा लगेच तोंडात टाकला म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

दोन वर्षांपूर्वी हे काम माझ्या टेबलावर सुरू झालं. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात, दुमजली घराएवढ्या. ओला कापूस आत दबला की आतल्या आत तापतो आणि एखादे दिवशी पेटतो. वरून काही कळत नाही. त्यावर मी साबणाच्या वडीएवढ्या डब्या केल्या. आत एक सेल, तापमान मोजणारा तुकडा आणि चिमूटभर मेंदू. एकूण बारा डब्या, सगळ्या माझ्या हाताने सोल्डरचे डाग देऊन जोडलेल्या. गंजी लागतानाच त्या आत पुरतो. सेल टिकावा म्हणून डबी बहुतेक वेळ झोपलेली असते. अकोल्यात बसून लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची: विचार, सात नंबर, तापमान. डबी जागी झाली की उत्तर येतं, दोन आकडे आणि दशांश. नाही आलं की पुन्हा विचारायचं. कधी चारदा, कधी दहादा. मला त्याचा कंटाळा कधीच आला नाही. बाराही डब्यांचे स्वभाव मला माहीत आहेत.

नोव्हेंबरात अरीबा आली. अमरावतीची, सव्वीस वर्षांची. इथे जुन्या शहरात मामूंकडे राहते. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ताई, तुमी रोज हातानं विचारता? मी एक प्रोग्राम लिहून देऊ?"

मी एकतीसची आहे. ताई.

९ जानेवारी, मंगळवार

तिचा प्रोग्राम चालू झाला. जिनिंगच्या ऑफिसात एक पेटी बसवली आहे. ती पेटी डब्यांना विचारत राहते, मिळालेलं उत्तर जवळ ठेवते आणि आपण विचारलं की तिच्याजवळचं उत्तर देते. डबीची झोपमोड कमी, सेल दुप्पट टिकणार. पडद्यावर बारा हिरवे ठिपके. तापमान वाढलं की ठिपका पिवळा, मग लाल.

छान आहे. खरंच छान आहे. हे मला दोन वर्षांत का सुचलं नाही, हा प्रश्न मी दिवसभर स्वतःला विचारते आहे.

ती लिहिताना कीबोर्डकडे बघतही नाही. मी मुद्दाम तिच्या मागून दोनदा गेले. दोन्ही वेळा तिला वाटलं मला काही विचारायचं आहे, आणि तिनं खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

२० जानेवारी, शनिवार. अकोट

सगळे जिनिंगवर गेलो होतो. यंदा बोंडअळीनं शेतं खाल्ली. लोकांनी उभं पीक उपटून टाकलं आणि जे हाती लागलं ते घाईघाईनं विकायला आणलं. अळीनं खाऊन कवडी झालेला, ओलसर, पिवळट कापूस. फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. मालकही नाइलाजानं घेत आहेत. अशा कापसाच्या गंजीवर जास्त लक्ष हवं.

गंजीचं काम नत्थुजींकडे आहे. पंचवीस वर्षं झाली त्यांना. माणसाच्या दुप्पट लांबीची लोखंडी सळई गंजीत खुपसायची, थोड्या वेळानं ओढून काढायची आणि हात लावून बघायचं, ही त्यांची रीत. किशोरसर आज त्यांना म्हणाले, "नत्थुजी, आता सळई राहू द्या. उगाच कापूस विस्कटतो. पडदा बघत जा."

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं. "दामिनीबाई, करू का बंद?"

मला बरं वाटलं की त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात अरीबा बोलली, "काका, बंद नका करू. कमी करा. मशीन बी थकते न." नत्थुजी हसले आणि पोराला पाठवून तिच्यासाठी चहा मागवला. मग मी म्हटलं, "बंद करा हो, काही गरज नाही. डब्यांवर माझा भरवसा आहे."

डब्यांवर माझा भरवसा आहेच. त्यात खोटं काय आहे?

गंजीवर बाया कापूस पसरवत होत्या. त्यातली कौशल्या म्हणून एक आहे, तिनं वरूनच ओरडून विचारलं, "मॅडम, त्या डब्या आमचं बोलणं तं नाई ऐकत न?" सगळ्या हसल्या. "तापमानच ऐकतात," मी म्हटलं. "मंग बरं हाय बापा," ती म्हणाली, "मुकादमाले लय नावं ठेवतो आमी."

२८ जानेवारी, रविवार

आईनं अरीबाला जेवायला बोलावलं. मला न विचारता. पातोडीची भाजी, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. ती भाकर कुस्करून, बोटं चाटत जेवली. आईला पातोडीचं वाटण विचारून घेतलं, अम्मीला सांगते म्हणाली. तिच्या अम्मीच्या, आयशाबींच्या, डोळ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात.

जेवताना ती आईला म्हणाली, "काकू, दामिनीताईच्या डब्या नसत्या तं माह्या प्रोग्रामले विचारायलेच कोणी नसतं."

आई नंतर भांडी आवरताना म्हणाली, "किती गुणाची पोरगी हाय. तुह्याबद्दल किती चांगलं बोलते."

ती असं बोलते कारण तिला परवडतं. जिंकणाऱ्याला मोठेपणा परवडतो. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले असते. बहुतेक.

५ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी सोळा तारखेला नागपूरहून माणसं येणार. त्यांच्या सहा जिनिंग आहेत. त्यांना हे काम आवडलं तर आम्हाला मोठं ऑफिस, आणखी माणसं. सरांनी विचारलं, दाखवायचं कोणी? आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "अरीबा दाखवेल. दामिनी, तू डब्यांबद्दल दोन मिनिटं बोल."

दोन मिनिटं.

अरीबा म्हणाली, "सर, उलटं करू. मी दोन मिनिटं." सर म्हणाले, ठरलं ते ठरलं. मला तिची दया नको आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गारपीट झाली. आमच्या गच्चीवर लिंबाएवढ्या गारा. अकोटलाही झाली. नत्थुजींचा फोन आला, दोन नंबरच्या गंजीवरची ताडपत्री फाटली, पाणी आत गेलं. बाया लावून वरचा थर काढतो म्हणाले.

डबी क्रमांक पाच ते आठ त्या गंजीत आहेत.

१२ फेब्रुवारी, सोमवार

अरीबा अमरावतीला गेली आहे. उद्या तिच्या अम्मीचं ऑपरेशन.

दुपारी मी पडदा बघत होते. बाराही ठिपके हिरवे. सात नंबर: ३१.४. तासाभरानं: ३१.४. मग मागचे आकडे काढले. काल दुपारपासून ३१.४. गंजी श्वास घेते, रात्री थोडी उतरते, दुपारी चढते. दशांशसुद्धा हलत नाही असं होतच नाही. म्हणजे डबीचा आवाज पेटीपर्यंत पोचत नाही, आणि पेटी शहाण्यासारखी जुनंच उत्तर पुन्हापुन्हा देते आहे. हिरवा ठिपका खोटा आहे.

मला काय वाटलं ते लिहिते, कारण इथे तरी लिहावं. मला आनंद झाला. पोटात काहीतरी गोड सांडावं तसा. हिच्या प्रोग्राममध्ये भोक आहे, आणि ते मला सापडलं, हाताने विचारणाऱ्या दामिनीला.

काळी खिडकी उघडली. पेटीला बजावून विचारलं: तुझ्याजवळचं नको, डबीला उठव. उत्तर नाही. दुसऱ्यांदा. नाही. तिसऱ्यांदा. नाही. ओल्या कापसातून आवाज येणं कठीणच असतं. सेल गेला असेल किंवा पाणी शिरलं असेल. पाच, सहा, आठ नंबर व्यवस्थित आहेत, त्यांचे आकडे हलताहेत. घाबरण्यासारखं काही नाही.

खिडकी बंद केली.

शुक्रवारी नागपूरची माणसं पडद्यासमोर बसलेली असताना मी विचारू शकते, "अरीबा, हा सात नंबर पाच दिवस एकाच आकड्यावर कसा?" एवढंच. दोन मिनिटं पुरतात त्याला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी अरीबाचा फोन आला, दवाखान्यातून. मागे कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"ताई, अम्मीचं झालं. चांगलं झालं."

"बरं झालं," मी म्हटलं.

"एक काम होतं. मी इथून मोबाइलवर पाहून राहिली, तं सात नंबर मले काही ठीक नाई वाटून राहिला. मोबाइलवरून हाताने विचारता येत नाई. तुमी एकदा पाहता का? तुमाले त्या डब्या माह्यापेक्षा जास्त समजते."

मी लॅपटॉपसमोरच होते. काळी खिडकी उघडायला दोन सेकंद लागतात.

"पाहिलं मी कालच," मी म्हटलं. "ठीक आहे."

"पक्कं न?"

"हो गं. तू अम्मीकडे बघ."

ती म्हणाली, "शुक्रिया, ताई," आणि तिच्या आवाजातला ताण इतका पटकन गेला की मला ऐकू आला.

काल पाहिलं होतं हे खरं आहे. बाकीचं खोटं आहे. संध्याकाळी आईनं विचारलं बरं नाही का. डोकं दुखतं म्हटलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नऊला ऑफिसात गेले आणि पर्स खांद्यावर असतानाच लॅपटॉप उघडला. काल दिवसभर उघडला नव्हता. सात नंबरला उठवलं. एकदा, दोनदा. मोजत गेले. अकराव्या वेळी उत्तर आलं.

७३.८.

आधी वाटलं चुकून दुसरंच काही विचारलं. पुन्हा विचारलं. ७४.१.

नत्थुजींना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा दुसऱ्याच कोणी उचलला. मी ओरडले, "दोन नंबरच्या गंजीवरून बायांना खाली उतरवा!" पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आग लागली इथी, मंग करा फोन."

दुपारी सरांबरोबर अकोटला पोचले. गंजी आतून पोखरली गेली होती. वरून पांढरी, खाली धुमसती पोकळी. बाया ओला थर ओढत होत्या. कौशल्याच्या पायाखालचा कापूस खचला आणि ती मांड्यांपर्यंत आत गेली. दुसऱ्या बाईनं, सुभद्रानं, काखेत हात घालून तिला ओढून काढलं. ओढल्याबरोबर हवा लागली आणि जाळ वर आला. नत्थुजींनी दोघींवर ओली ताडपत्री टाकली. त्यांचेही हात पोळलेत. कौशल्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं होतं.

नत्थुजी पाण्याच्या टाकीजवळ बसले होते, दोन्ही हात पुढे धरून. मला म्हणाले, "बाई, पडदा तं हिरवा होता. सकाळी पाहूनच चढवल्या मी बाया."



१७ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसात बैठक झाली. नागपूरची माणसं अर्थातच आली नाहीत. अरीबा काल संध्याकाळीच अमरावतीहून आली होती, डोळे सुजलेले. सरांनी विचारलं, हे झालं कसं?

ती उभी राहिली. म्हणाली, "सर, चूक माही. डबी बोलली नाई तर पेटीनं जुनं उत्तर द्यावं, असं मीच लिहिलं. उत्तर किती जुनं हाय, ते पडद्यावर दाखवायले पाहिजे होतं. नाई दाखवलं."

मी वाट बघत होते. आता म्हणेल, मी दामिनीताईला विचारलं होतं. ती म्हणालीच नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

सर म्हणाले, तू काही दिवस घरी राहा. तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सर मला म्हणाले, "दामिनी, आता तूच सांभाळ."

मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी, देवाशपथ, तिचा रागही आला. चूक कबूल करायचीही तिला माझ्यापेक्षा चांगली जमते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

तिच्या टेबलाशी बसले. मला हवं होतं ते हेच. तिचा प्रोग्राम उघडला. सुरुवातीलाच तिनं लिहून ठेवलंय: या सगळ्या डब्या दामिनीताईंनी केल्या, काही अडलं तर त्यांना विचारावं. तारीख नोव्हेंबरची आहे.

दिवसभर काही काम झालं नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार. अमरावती

एसटीनं गेले. आईला ऑफिसचं काम सांगितलं. अरीबाचं घर शोधायला अर्धा तास लागला. आयशाबी काळा चष्मा लावून बाजेवर बसल्या होत्या. नाव सांगितल्याबरोबर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "डब्यावाली दामिनी? आओ बेटा. हिच्या तोंडी तुझंच नाव असतं."

अरीबानं मला आतल्या खोलीत नेलं. मी बोलायला सुरुवात करायच्या आतच ती म्हणाली, "ताई, मले माहीत हाय तुमी काहून आल्या. पेटीच्या नोंदीत सगळं राहते न. सोमवारी तुमी तीनदा विचारलं, उत्तर नाई आलं. मंग मंगळवारी मी फोन केला तं तुमी घाईत होत्या. होते असं. मी पण तं अम्मीच्या नादात होती. मी सरांले नाई सांगतलं. दोघींची नोकरी जाऊन काय फायदा?"

तिनं माझ्यासाठी सगळं तयार करून ठेवलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. मी ती हलवणारही होते.

"घाईत नव्हते," मी म्हटलं. "आकडा हलत नाही हे मला सोमवारीच दिसलं होतं. तू सगळ्यांसमोर चुकावीस म्हणून मी गप्प बसले. फोनवर तुला खोटं सांगितलं."

बाहेर आयशाबी कोणाला तरी सांगत होत्या की चहात आलं टाक.

"पण मी तं तुमालेच विचारलं होतं," ती म्हणाली. एवढ्या हळू की मला ते दोनदा ऐकल्यासारखं वाटलं.

मी माफी मागितली. तिनं हात वर करून मला थांबवलं. "मले सांगून तुमाले हलकं वाटीन. मले नाई वाटत. सरांले सांगा. आन त्या बाईले सांगा, जिचे पाय भाजले. चहा पिऊन जा, नाईतर अम्मी विचारीन काय झालं."

मी चहा प्याले. आयशाबींनी बिस्किटं पुढे केली, तीही खाल्ली.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सांगितलं. ते बराच वेळ पेनचं टोपण उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, "तू? अरीबा नवी आहे, तिनं केलं असतं तर मी मानलं असतं. तू?" माझ्यासमोरच अरीबाला फोन लावला आणि परत ये म्हणाले. मालकांना काय सांगायचं ते मी लिहून द्यायचं आहे, सहीसकट. उद्यापासून मी यायचं नाही.

अरीबाला परत बोलावताना सरांचा आवाज मऊ झाला. तेवढ्यातही मला ते टोचलं. असं का असावं, मला कळत नाही. हे जळणं आग लागून विझत नाही.

१ मार्च, गुरुवार

दवाखान्यात गेले. स्त्रियांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. कौशल्याचे दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत पट्ट्यांत, वर लोखंडी कमान ठेवून त्यावर चादर घातलेली. शेजारी सुभद्रा बसली होती. मला बघून तिनं स्टूल दिलं.

कौशल्या म्हणाली, "मॅडम, इतक्या दूर काहून आल्या? नत्थुजी काल येऊन गेले."

मी सांगितलं. पेटी, डबी काही नाही. आत गंजी तापते आहे की काय अशी शंका मला तीन दिवस आधी आली होती आणि मी ती कोणालाच सांगितली नाही, एवढंच.

तिला आधी कळलंच नाही. "म्हंजे तुमाले माहीत होतं?"

"शंका होती."

"मंग शंका सांगाले काय झालतं? एक फोन केला असता नत्थुजीले. आमी चढलोच नसतो." ती उठून बसायला गेली, सुभद्रानं तिला धरलं. "काहून नाई सांगतलं?"

एसटीत, घरी, आंघोळ करताना मी याचं उत्तर जुळवत होते. ती सगळी वाक्यं सोडून दिली.

"आमच्या ऑफिसात एक पोरगी हाय," मी म्हटलं. घराबाहेर मी कधी असं बोलत नाही, पण तसंच आलं. "ते माह्याहून हुशार हाय. मले ते पाहवत नव्हतं. तिची फजिती व्हावी म्हणून मी गप्प राहिली."

वॉर्डात कोणाचं तरी बाळ रडत होतं. कौशल्या माझ्याकडे अशी बघत होती की मी अजून काहीतरी सांगेन, खरं कारण. मग तिला कळलं की एवढंच आहे.

"हे सुभद्रा," ती म्हणाली, "माह्याहून चपळ हाय. मुकादम रोज तिचं नाव घेते, माहं कधी नाई. मले बी राग येते तिचा. लय येते." सुभद्रा खाली बघत होती. "पण मी खचली तं तिनं इचार केला काय, हे कोण आन मी कोण? हात घातला न तिनं जाळात. मी बी घातला असता."

मी म्हटलं, मी काय करू सांगा.

"काय करसान तुमी?" ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

सुभद्रानं स्टूलकडे बोट केलं. "उठा बाई आता. डॉक्टर यायची वेळ झाली. पट्ट्या बदलतानी लय वरडते ते. परक्या माणसानं नाई ऐकू."

मी उठले. जिना उतरून खाली येईपर्यंत मला तिचं ओरडणं ऐकू येत राहिलं.